तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी : नुसते प्लग बदलू की कॉइलसुद्धा?

पायवाट

नमस्कार मंडळी,

माझी पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडरची, प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी). ९२,००० किलोमीटर झाले. प्लग कारखान्यातून आलेत तेच, इरिडियमचे. पुस्तिकेत बदलायचा आकडा १ लाख किलोमीटर दिलाय, त्यामुळे मी निवांत होतो.

गेल्या आठवड्यापासून चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी अडखळते. दोन-तीन झटके, मग सुरळीत. काल झटक्यांबरोबर चेक इंजिनचा दिवा लुकलुकला आणि थोड्या वेळाने स्थिर झाला. मित्राकडचा स्कॅनर लावला तर पी०३०३ आलं. गॅरेजवाल्यांनी बॉनेट न उघडताच सांगितलं, चारही प्लग आणि चारही कॉइल बदला.

माझे प्रश्न दोन. कॉइल चारही बदलायची खरंच गरज असते का? आणि हे काम घरी करता येतं का? आजवर मी एअर फिल्टर आणि बॅटरी स्वतः बदलली आहे, त्यापलीकडे इंजिनला हात लावलेला नाही. शिकायची मात्र मनापासून इच्छा आहे.

तेलकट_हात

पी०३०३ म्हणजे तिसरं सिलिंडर मिसिंग मारतंय, त्यात मिश्रण नीट पेटत नाही, एवढंच. त्यात कॉइलचं नावही नाही आणि प्लगचंही नाही. ठिणगी नाही, पेट्रोल नाही, किंवा दाब नाही, यातलं काहीही असू शकतं. बॉनेट न उघडता निदान करणाऱ्याचं ऐकू नका.

आधी फुकटातली तपासणी करा. तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्यावर बसवा, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसा आणि त्याच चढावर गाडी न्या. पी०३०१ आलं तर दोष कॉइलबरोबर सरकला. पी०३०३ च राहिलं तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल करून बघा. तरीही हटलं नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

अजून एक. दिवा स्थिर असणं आणि लुकलुकणं यात फरक आहे. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं, आणि तो भाजून निघतो. तेव्हा पाय सैल सोडायचा, रेटायचं नाही.

गोगलगाय

काहीही करा, इंजिन पूर्ण गार झाल्यावर करा.

मोजपट्टी

घरी करता येतं, नक्की करा. मी गेली वीस वर्षं घरातल्या सगळ्या गाड्यांचे प्लग स्वतः बदलतो आहे. घाई केली नाही तर पहिल्यांदा तास-दीड तास लागेल.

हत्यारं : प्लगचा सॉकेट (तुमच्या गाडीला बहुतेक १६ मिमी, पण नवा प्लग हातात घेऊन मोजा), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच घट्ट करू देणारा), टॉर्च आणि वीतभर रबरी नळी. सॉकेटच्या आत प्लग धरून ठेवणारं रबर असतं. ते जुनं असलं तर सॉकेटच खाली प्लगवर अडकून बसतो आणि हातात नुसतं एक्स्टेन्शन येतं. म्हणून सॉकेट आणि एक्स्टेन्शनच्या सांध्याला दोन वेढे चिकटपट्टीचे मारायचे.

कॉइलच्या जोडणीची खिट्टी दहा वर्षांच्या उष्णतेने कडक झालेली असते, जोर लावलात तर तुटेल. दाबायची आणि जोडणी आधी किंचित आत ढकलून मग ओढायची. कॉइल सरळ उपसू नका. थोडी डावी-उजवी फिरवली की कॉइलच्या टोकाचा रबराचा बूट प्लगला सोडतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. प्लग सैल करण्याआधी विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात, हवा मारा. तिथे वाळू, पानांचा चुरा, काय काय साठलेलं असतं. प्लग निघाल्यावर हे सगळं थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं. मी पाव फेरा सैल करतो, परत हवा मारतो आणि मगच पूर्ण काढतो.

नवा प्लग रबरी नळीच्या टोकात खोचून खाली सोडा आणि नळी बोटांनी फिरवा. आटे नीट बसत असतील तर प्लग लोण्यासारखा आत जातो. तिरपा लागला तर नळी आपोआप घसरते, म्हणून नळी ही फार गुणी गोष्ट आहे. पाना लावलात तर तो काही सांगणार नाही, गुपचूप आटे कापत जाईल. आधी नळी उलटी फिरवा, आटे एकमेकांत पडल्याचा हलका टक जाणवतो, तिथून सुलट.

घट्ट करणं : आकडा तुमच्या पुस्तिकेतलाच. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) १४ मिमी आट्यांना साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, आणि दुचाकींच्या १० मिमी प्लगला १० ते १२ एवढंच. टॉर्क पाना नसेल तर बोटांनी टेकवून १४ मिमीच्या नव्या वायसरला अर्धा फेरा. वायसर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला मात्र १/१६ फेराच. तिथे अर्धा फेरा दिलात तर पुढच्या वेळी तो प्लग निघणं अवघड.

जुनीगाडी

मोजपट्टी काकांचं सगळं पटलं, एक राहिलं. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावायला विसरू नका. अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंड वर्षानुवर्षं बसलं की जाम होतं. मी कायम लावतो, आजवर एकही प्लग अडकला नाही.

मोजपट्टी

जुनीगाडी, इथे आपलं जमणार नाही. हल्लीच्या प्लगच्या धडावर मुलामा असतो, ती चमक त्याचीच. तो गंजापासून आणि जाम होण्यापासून राखतो. पुस्तिकेतला टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं, पाना त्याच आकड्याला सुटतो पण प्लग प्रत्यक्षात बराच जास्त ताणला गेलेला असतो. धड ताणलं तर आतल्या चिनीमातीची पकड सैल होते, आटेही ओढले जातात. एनजीकेसारखे उत्पादक स्वतः सांगतात, लावू नका म्हणून.

जुनीगाडी

माझ्या गाडीचे प्लग काळ्या धडाचे यायचे, बिनमुलाम्याचे. त्यांना लावायचो. सवय तिथूनची.

मोजपट्टी

मग त्या प्लगपुरतं तुमचं बरोबर होतं. तशांना अगदी किंचित लावून टॉर्क कमी ठेवायचा. चमकत्या धडाला मात्र कोरडंच.

इंजिनवाली

ग्रीस लावायचंच असेल तर ते वेगळं आणि वेगळ्या जागी. सिलिकॉनचं, वीजरोधक असतं ते. बुटाच्या आतल्या कडेला बोटाने पातळ थर. त्यामुळे रबर चिनीमातीला चिकटत नाही आणि ओल शिरत नाही. आटे कोरडे, बूट ग्रीसलेला.

भिरभिरे

बूट ग्रीसलेला आणि आटे कोरडे... मी हे उलट करून बसलो असतो, ताई. वेळेवर वाचवलंत. :)

हेमाडी

गोगलगाय यांच्या एका ओळीवरून माझा किस्सा सांगतो, कारण ती ओळ मला तेव्हा कोणी सांगितली नव्हती.

लांबून आलो, इंजिन तापलेलं, आणि त्याच उत्साहात प्लग काढायला बसलो. दुसरा प्लग अर्ध्यात अडला. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि मऊही पडतं, हे तेव्हा गावी नव्हतं. मी पान्यावर नळी चढवून जोर लावला. कुर्र असा आवाज करत प्लग आला आणि त्याच्या आट्यांत चांदीसारखं धातूचं वेटोळं गुंडाळून आलं. हेडचे आटे होते ते.

पुढे एका जाणत्या कारागिराने ते सावरलं. भोकात मोठे आटे पाडून पोलादी वेटोळं बसवलं. त्याने आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत भरपूर ग्रीस थापलं होतं. पडणारा कीस ग्रीसमध्ये अडकावा, सिलिंडरमध्ये जाऊ नये म्हणून. दर अर्ध्या फेऱ्याला टॅप बाहेर, पुसायचा, नवं ग्रीस, परत आत. दुपार गेली त्यात. मी शेजारी बसून बघत होतो आणि एकेका पुसण्याबरोबर माझा जीव खाली येत होता.

अडलेला प्लग कधीही एका दमात काढू नका. जेवढा सैल झालाय तिथे गंजावरचं तेल आट्यांच्या कडेला सोडा, तासभर थांबा, थोडा घट्ट करा, मग थोडा सैल. असं पुढे-मागे करत आणा.

गोगलगाय

वाईट वाटलं वाचून. बरं झालं सावरलं.

दुपारवेडा

माझ्या डिझेल गाडीचे प्लग किती किलोमीटरला बदलू?

तेलकट_हात

डिझेलमध्ये ठिणगी नसते, दादा. तिथे हवा दाबूनच इतकी तापते की डिझेल फवारल्याबरोबर पेटतं. तुमच्या हेडमध्ये असतात ते ग्लो प्लग, थंडीत सुरू होण्यापुरती जागा तापवणारे. सकाळी सुरू व्हायला त्रास आणि सुरुवातीला पांढरा धूर असेल तर तपासा, उगाच काढू नका. ते स्पार्क प्लगपेक्षाही सहज मोडतात.

निळासूर

एक गणित मांडतो, आवडलं तर बघा.

फोर स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी. ताशी ६० वेगाला इंजिन समजा मिनिटाला २,५०० फेरे फिरतंय. म्हणजे मिनिटाला १,२५० ठिणग्या आणि मिनिटाला एक किलोमीटर. धागाकर्त्यांच्या ९२,००० किलोमीटरला एका प्लगने अकरा कोटी पन्नास लाख ठिणग्या टाकल्या. शहरातल्या संथ रहदारीत किलोमीटरमागे हा आकडा आणखी वाढतो.

प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू घेऊन जाते. निकेल १,४५५ अंश सेल्सियसला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम २,४४६ ला. त्यामुळे साधा निकेलचा प्लग ३०–४० हजारांत दमतो आणि इरिडियम लाखापर्यंत जातो. पण झिजतो तोही. प्लगच्या दोन टोकांमधली १.१ मिमीची फट १.३ झाली की तीच फट ओलांडायला ठिणगीला विजेचा जास्त दाब (व्होल्टेज) लागतो.

इंजिनवाली

आणि इथेच कॉइलचा संबंध येतो. बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन कॉइल २० ते ४० हजार व्होल्ट करते. ती स्वतःहून ठरावीक दाब देत नाही, प्लगची फट मागेल तेवढा दाब चढत जातो. फट वाढली, मागणी वाढली. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त दाबलेलं असतं, त्यातून ठिणगी पाडायला विजेचा आणखी दाब हवा. म्हणून पायवाट यांची गाडी सपाटीवर गप्प आणि चढावर अडखळते.

कॉइलच्या आतल्या वेटोळ्यांवरचं आवरण हा ताण वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस फुटतं. झिजलेले प्लग वेळेत बदलले नाहीत तर चांगल्या कॉइल मरतात. पण याचा अर्थ जिवंत कॉइल फेकून द्या असा नाही. प्लग चारही बदलावेत, ते सारखेच झिजलेले असतात. कॉइल मात्र मेलेली तेवढीच.

जुनीगाडी

याला विरोध नोंदवतो. एक गेली की बाकीच्या रांगेत असतात. लांबच्या प्रवासात अडकण्यापेक्षा चारही बदललेल्या बऱ्या.

इंजिनवाली

तुमची भीती समजते. मग एक नवी कॉइल आणून डिकीत ठेवा. रस्त्यात गेली तर एका पान्याने दहा मिनिटांत बसते. गॅरेजने चार काढून चार बसवल्या, तर काढलेल्यांत तीन चांगल्या असू शकतात.

भिरभिरे

डिकीत प्लग घेऊन फिरायचे दिवस आठवले! आमच्या टू स्ट्रोक स्कूटरच्या डिकीत एक सुटा प्लग, प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा. स्कूटर बंद पडली की बाबा प्लग काढायचे, दोन टोकांच्या मध्ये काजळीचा काळा मणी अडकलेला असायचा, तो नखाने उडवायचे. मी शेजारी उभा राहून तो गरम प्लग रुमालात धरायचो. पाच-सहा वर्षांचा असेन. मला ते फार मोठ्या जबाबदारीचं काम वाटायचं.

तेलकट_हात

टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळतं, त्याचा तो मणी. दोन टोकं जोडली गेली की वीज उडी मारायचं सोडून मण्यातून सरळ वाहून जाते. शिवाय दर फेऱ्याला ठिणगी, म्हणजे झीज दुप्पट.

त्या काळच्या चारचाकींत डिस्ट्रिब्यूटर, रोटर, पॉइंट, कंडेन्सर हा सगळा परिवार असायचा. पॉइंट जळाले की कंडेन्सर बघायचा, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला आत केसासारखी चीर आहे का बघायची. ज्यांच्याकडे अजून अशा गाड्या आहेत त्यांना सांगणं : प्लगच्या वायरी एका वेळी एकच काढा. चारही काढून ठेवल्या की सिलिंडर पेटण्याचा १-३-४-२ हा क्रम चुकतोच. संशय असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू करून वायरींवर दुरून पाण्याचा बारीक फवारा मारा, हात लांब ठेवून. गळकी वायर निळी चमकेल.

आणि मधल्या काळातल्या ज्या गाड्यांत दोन सिलिंडरला एक कॉइल असते, त्यांत एका प्लगमध्ये ठिणगी उलट दिशेने उडते. त्यामुळे काहींचं मधलं टोक जास्त झिजतं, काहींचं बाहेरचं. असे प्लग तपासून परत बसवायचे तर ज्याचा त्याच सिलिंडरला.

निळासूर

विषय निघालाच आहे तर, लेन्वार या संशोधकाच्या १८६० च्या गॅस इंजिनात ठिणगीनेच मिश्रण पेटवत होते. पण वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला पुरेल असा विजेच्या उच्च दाबाचा मॅग्नेटो (चुंबकाने वीज तयार करणारं यंत्र) आणि त्याच्या जोडीचा प्लग १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ट यांनी तयार केला. मधली चाळीस वर्षं लोक तापलेल्या नळीने इंजिन पेटवण्यासारखे उपाय करत होते. हातातल्या एवढ्याशा वस्तूत मला ती सगळी खटपट दिसते.

अनवट

वाचनखूण साठवली. एक शंका : दुकानात दोन प्लग आकाराने हुबेहूब मिळतात, फक्त नंबरातला एक आकडा वेगळा. कुठलाही चालतो का?

मोजपट्टी

नाही! तो आकडा उष्णतेचा. प्लगचं नाक साधारण ४५० ते ८५० अंशांत राहिलं पाहिजे. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साठते. त्यावर गेलं तर ठिणगीची वाट न बघता तापलेलं टोकच मिश्रण पेटवतं आणि पिस्टन वितळण्यापर्यंत गोष्ट जाते. उष्णता पटकन हेडला देणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम.

गोंधळ पुढे आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम. त्यामुळे आकडा जुळवून एका कंपनीचा दुसऱ्याला लावू नका, तुमच्या इंजिनाचा तक्ता बघा. आट्यांची लांबीही तीच हवी. लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला आपटू शकतो. आखूड बसवला तर हेडच्या उरलेल्या आट्यांवर काजळी जमते आणि पुढे योग्य प्लग तिथे जात नाही.

नंबरात आर असेल तर आत रोध आहे, सुमारे ५ किलो-ओहमचा. तो नसलेला लावलात तर रेडिओ खरखरतो आणि इंजिनाच्या संगणकालाही त्रास होऊ शकतो.

हेमाडी

इरिडियमने ताकद वाढते म्हणतात ते?

मोजपट्टी

चांगल्या स्थितीतल्या निकेलच्या जागी लावला तर जाणवेल असं काही नाही. आयुष्य वाढतं. आणि त्याची फट नाण्यासारख्या गोल गेजने तपासू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. मधलं टोक ०.४ ते ०.६ मिमीचं, सुईसारखं असतं, तुटतं. फरशीवर पडलेला प्लगही वापरू नका. चिनीमातीची चीर डोळ्याला दिसत नाही, वीज ती शोधते.

पायवाट

मंडळी, काम केलं! आणि कोड्यात पडलोय.

आधी तेलकट_हात यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या आणि तिसऱ्या कॉइलची अदलाबदल करून चढावर गेलो. आता पी०३०१ सुद्धा आलं आणि पी०३०३ सुद्धा राहिलं. दोन्ही.

मग आज इंजिन रात्रभर गार करून प्लग काढले. काढताना १ ते ४ आकडे घातलेल्या पुठ्ठ्याच्या भोकांत ओळीने लावले. दोन आणि चारची टोकं फिकट तपकिरी, कोरडी. पहिलाही साधारण तसाच. तिसऱ्याचं टोक पण तपकिरी, बरं दिसतंय. पण तिसऱ्याची विहीर तेलाने भिजलेली. तळाशी बोटभर तेल होतं, कापड काठीला गुंडाळून टिपलं. तेल बघून छातीत धस्स झालं. पिस्टनच्या रिंगा गेल्या का?

शिवाय चारही प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर, लोखंड संपतं तिथे वर, तपकिरी कडं आहे. आतून वायू गळतोय का?

जुनीगाडी

तेल म्हणजे रिंगाच. माझ्या गाडीचं असंच झालं होतं.

इंजिनवाली

थांबा, थांबा. पायवाट, घाबरू नका. तेल प्लगच्या कुठल्या टोकाला आहे ते बघा. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असते तर तेल सिलिंडरच्या आत, म्हणजे ठिणगीच्या टोकाला ओलं-काळं दिसलं असतं. तुमचं ते टोक तपकिरी आणि कोरडं आहे. तुमचं तेल वरून आलंय. विहिरीच्या नळीभोवती रबरी सील असतं, बहुतेक इंजिनांत टॅपेट कव्हरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणात, बसवलेलं. दहा वर्षांत ते कडक होतं आणि तेल विहिरीत झिरपतं.

आता तिसरा प्लग उजेडात फिरवून बघा. चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का? आणि तिसऱ्या कॉइलच्या बुटाच्या आत तिच्या समोर तशीच?

पायवाट

ताई, आहे!! दोन्हीकडे. नखाने निघत नाही. आणि आता नीट बघितलं तर पहिल्या प्लगवरही अगदी पुसट रेघ आहे.

इंजिनवाली

मग कोडं सुटलं. तेलाने बुटाचं रबर फुगून पकड सुटते. ठिणगी टोकाला फट ओलांडायच्या ऐवजी चिनीमातीच्या बाजूने सरळ लोखंडी धडात उतरायला लागते. एकदा ती वाट पडली की तिथे कोळशाची रेघ उमटते, आणि कोळसा वीज वाहतो. पुढच्या प्रत्येक ठिणगीला तीच सोपी वाट.

तुम्ही तिसऱ्याचा बूट पहिल्यावर नेलात, रेघ बरोबर गेली, म्हणून पी०३०१. तिसऱ्यावर चांगली कॉइल आली तरी तिथला प्लग रेघाळलेला, म्हणून पी०३०३ कायम. म्हणून बूट आणि प्लग एकत्रच बदलायचे. नव्या प्लगवर जुना रेघाळलेला बूट चढवलात तर महिन्याभरात तेच.

तेलकट_हात

ताई, सलाम. माझ्याकडून ही सूचना राहिली. अदलाबदल करण्याआधी बुटाच्या आत टॉर्च मारून बघा, हे मी सांगायला हवं होतं. तेलकट किंवा रेघाळलेला बूट चांगल्या प्लगवर नेऊच नये. यापुढे आधी हेच सांगेन.

निळासूर

तपकिरी कड्याचं राहिलं. ती गळती नाही. विजेच्या उच्च दाबामुळे धडाच्या कडेला हवेत विजेचा अगदी क्षीण विसर्ग होत असतो, आणि हवेतले तेलाचे कण त्या जागी चिनीमातीवर खेचले जाऊन चिकटतात. चारही प्लगवर सारखंच कडं दिसणं हीच त्याची खूण. निरुपद्रवी आहे.

जुनीगाडी

पटलं. रिंगांचा मी उगाच धसका दिला, पायवाट. माझ्या प्लगचं टोकच तेलात बुडालेलं होतं, तो फरक आज कळला.

टॅपेट कव्हर काढणार असाल तर हे काम मी पुष्कळदा केलंय, म्हणून सांगतो. कव्हरचं पॅकिंग आणि विहिरींची सीलं एकदमच बदला. काही इंजिनांत नळीच्या खालच्या टोकालाही ओ-रिंग असते, तेल तिथून येत असेल तर वरची सीलं बदलून भागत नाही. टॉर्चने बघा, विहिरीची भिंत वरपासून ओली आहे की नुसता तळ. पुढच्या बाजूला जिथे टायमिंग कव्हर हेडला भेटतं त्या दोन कोपऱ्यांत सीलंटचा एकेक ठिपका लागतो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत. ते फार हलके असतात, बहुतेक १० न्यूटन-मीटरच्या आसपास. मनगटाने घट्ट केलेत तर तुटतील किंवा कव्हर वाकेल.

अनवट

मधेच विचारते, गॅसवर चालणाऱ्या गाडीला हेच सगळं लागू का?

तेलकट_हात

हो, पण जास्त कडक. गॅसचं मिश्रण पेटवायला विजेचा दाब जास्त लागतो, त्यामुळे प्लग, बूट, कॉइल यांचे दोष आधी गॅसवर दिसतात आणि पेट्रोलवर तीच गाडी ठीक चालते. प्लग लवकर तपासा, आणि फट उत्पादकाने गॅससाठी वेगळी दिली असेल तर तीच ठेवा.

पायवाट

दहा दिवसांनी धागा वर काढतोय.

विहिरीची भिंत वरपासून ओली होती. कव्हरचं पॅकिंग, चारही सीलं, चार नवे प्लग आणि दोन बूट बदलले, तिसऱ्याचा आणि पहिल्याचा. माझ्या कॉइलचा बूट सुटा मिळतो, आतली स्प्रिंग जुनीच ठेवली. कॉइल एकही बदलली नाही. म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या गाडीपुरतं तरी शून्य आलं.

प्लग नळीने बसवले. तिसरा दोनदा तिरपा लागला आणि दोन्ही वेळा नळी घसरली. हातात पाना असता तर मी तो फिरवत राहिलो असतो. मोजपट्टी काका, त्या नळीसाठी तुमचे विशेष आभार. टॉर्क पाना शेजाऱ्यांकडून आणला.

तोच चढ चौथ्या गिअरमध्ये तीन वेळा चढलो. दिवा नाही, झटका नाही. ६०० किलोमीटर झाल्यावर काल परत कॉइल काढून चारही विहिरी टॉर्चने बघितल्या. कोरड्या.

इंजिनवाली

वा! फार आनंद झाला. जुना तिसरा प्लग आहे का अजून? रेघेचा जवळून फोटो इथे टाकाल? पुढे कुणी पी०३०३ घेऊन आलं तर दाखवायला होईल.

पायवाट

चारही आहेत, त्याच पुठ्ठ्यात. सूर्यप्रकाशात फोटो काढून संध्याकाळी टाकतो. रेघ कॅमेऱ्यात यावी म्हणून प्लग थोडा तिरका धरावा लागतो.